तेनिन 'नामू' म्हणत नाही

तीर्थस्वरूप झानदादा यांस, धाकट्या न्गोलोचा वाकून नमस्कार.

तुम्ही बरे? वहिनी बऱ्या? नातवंडं, बैल, विहिरीचं पाणी, सगळं बरं? (विचारायचं राहिलं असेल तेही बरं असो.) आम्हीही बरे आहोत. फक्त चार दिवस झाले, तेनिन जेवायला वाढते, पाणी देते, पण मी बोलताना 'नामू' म्हणत नाही.

झालं असं, की राजधानीतून सितानबाई आपली बांबारा भाषा यंत्रात भरून घ्यायला आल्या. खेड्यातले अस्सल उच्चार हवेत म्हणे. गावात दात शाबूत असलेला म्हातारा मी एकटाच (द्रामेचे तीन आहेत, पण तिन्ही एकाच बाजूला), म्हणून निवड माझी. नवा झगा घातला, बायकोला शेजारी बसवलं आणि आजोबांनी विहीर खणली ती हकीकत काढली. बाईंनी यंत्रच थांबवलं. "काका, काकूंना जरा गप्प बसायला सांगा, दर वाक्याला त्यांचा हुंकार येतोय." आता आपल्यात ऐकणाऱ्याने 'नामू' म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य तोंडाबाहेर पडतं का? (शहरात पडत असेल. शहरात काहीही पडतं.) पण मला यंत्राचा मोह. सगळ्या गावासमोर म्हणालो, "तेनिन, बाहेर बस. तुझ्या नामूचं इथे काही काम नाही." ती निमूट उठून गेली.

मी पहिलं वाक्य बोललो. कुणी हूं का चूं करेना. मला वाटलं सगळे रागावले. तेच वाक्य चारदा बोललो, पुढचं तोंडाबाहेर पडेचना. तिकडे अंगणात तेनिन शेजारणीबरोबर शेंगा सोलत बोलत होती. बाईंनी यंत्र उचलून तिथे नेलं आणि संध्याकाळपर्यंत दोघींच्या गप्पा भरून घेतल्या, नामूसकट!

तेव्हापासून घरात माझं एक वाक्य पुरं होत नाही. काल बकरीशी बोलून पाहिलं. ती निदान बें तरी करते.

तुमचा,
न्गोलो

ता. क. पत्र खरं तर बैलांच्या चौकशीसाठीच लिहिलं. पण जमल्यास वहिनींना पाठवा, तेनिन त्यांचं ऐकते.

दुसरा ता. क. चुका तपासायला पत्र मोठ्याने वाचत होतो. तेनिन बाहेर गेली तिथवर आलो आणि पत्रात नसलेलं तोंडून निघून गेलं, "चूक माझीच होती." चुलीकडून आवाज आला, "नामू." दादा, माझे डोळे भरून आले. पुढचं वाक्य वाचलं, तर पुन्हा गप्प. पुन्हा चूक माझीच म्हणालो, पुन्हा 'नामू'. आतापर्यंत अकरा वेळा झालं. वहिनींना पाठवाच, मला अजून आजोबांच्या विहिरीपर्यंत पोचायचंय.