डोंगरातली हाक

आंबेनळीजवळची वाडी,
२ डिसेंबर

चि. अक्षदास अ. उ. आ.

आज अंगणात बसलो असता माझ्या आईची हाक कानात घुमली. डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या सड्यावरून ती म्हशींना हाकारायची आणि पलीकडच्या डोंगरातून कुणीतरी ओ द्यायचं. शाळेतल्या कवितेसारखा ताल होता त्या हाकेला. दिवाळीत इथे आलीस तेव्हा तू तीच हाक घातलीस, म्हणून मी व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस. तुझी आई म्हणते अभ्यास आहे. आजीचं म्हणणं, पोरगी गप हाय म्हणजे कायतरी हाय. नववीतल्या मुलीला फोन नकोसा का व्हावा, याचं मला नवल वाटतं.

तुझा आबा

महाड,
६ डिसेंबर

ती. आबांस शि. सा. न.

तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवरून राहुलदादाने स्टेटसला ठेवला, तिथून माझ्या वर्गाच्या ग्रुपवर गेला. कुणीतरी मला म्हशीची शिंगं लावली, मागे रेकणं जोडलं. रोज नवा येतो. माझ्याच बाकावरच्या वैशालीने हसण्याचे पंधरा इमोजी टाकले. पोट दुखतं सांगून मी आठवडाभर घरी आहे. आईला खरं कारण माहीत नाही. मला ती शाळाच नको. कुणाला सांगू नका.

अक्षदा

आंबेनळीजवळची वाडी,
१० डिसेंबर

चि. अक्षदास अ. उ. आ.

पहिली चूक माझी. दुसऱ्याचं जनावर आपण विचारल्याशिवाय सोडत नाही आणि तुझा आवाज मी खुशाल सोडला. राहुलला त्याच्या फोनमधून तो व्हिडिओ पुसायला लावला आहे. पण शिंगं लावतात कशी गो? बराच वेळ जात असेल.

इथल्या शाळेतल्या सुप्रियाबाईंना तुझं नाव न घेता विचारलं. उत्तर द्यायचं नाही, आलेलं फोनमधून पुसायचंही नाही. तारखेसकट जपून आईला आणि वर्गशिक्षकांना दाखवायचं, असं त्या म्हणाल्या. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा फोन नंबर आहे. तो मीच आधी लावून पाहिला. चौऱ्याहत्तर वर्षांचं मूल बोलतंय म्हटलं, तरी पलीकडची मुलगी हसली नाही. सगळं ऐकून घेतलं.

आपला रिवाज तुला ठाऊक आहे. डोंगरात हाक ऐकू आली की म्हैस कुणाचीही असो, ओ द्यायची. तुझं पत्र ही हाकच. आता एक हाक आईला मार.

तुझ्या उत्तराकडे कान लावून,
आबा

महाड,
१६ डिसेंबर

ती. आबांस शि. सा. न.

आईला सांगितलं. रागावेल वाटलं होतं, तर माझ्याआधी तीच रडली. सरांनी तो ग्रुप बंद करवला, पालकांना बोलावलंय. उद्या शाळेत जाणार. दप्तर आत्ताच भरून ठेवलंय. शिंगं लावायला दोन मिनिटं लागतात, विचारलं मी.

आजीला नमस्कार. माया आहे तशीच असू द्या.

तुमची अक्षदा

ता. क. पाकीट चिकटवत होते, तर जाळीच्या दारापलीकडे वैशाली. हातात फोन, डोळे सुजलेले. नव्या ग्रुपवर कालपासून तिचा तसाच व्हिडिओ फिरतोय म्हणते. ते पंधरा इमोजी मी विसरले नाही, आबा. पण हाक ऐकू आली. दार उघडते.