दगडी टोकावरचा धागा

१७ फेब्रुवारी

नखांतली माती निघालेली नाही, निघू नये असंच वाटतंय.

देवजीकाकांच्या शेततळ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात आम्ही महिनाभर उत्खनन करतोय. आज तळाच्या काळ्या-निळ्या चिकट मातीत एक दगडी टोक लागलं. बोटाच्या पेराएवढं. मधाच्या रंगाचा अकीक दगड. तशी टोकं तलासरीच्या टेकड्यांवर वेचलीत आम्ही, त्यात नवल नाही. पण याच्या बुडाशी राळेचा काळा गोळा आहे आणि राळेवर — धागा! कुठल्यातरी सालीचा, पिळलेला, तीन वेढे. अजून गुंडाळलेलाच!

संगिता मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख, चिखलातच खाली बसल्या. मग म्हणाल्या, "निलम, हे आता तुझं. वाळू द्यायचं नाही." इतकी वर्षं खोदतायत, पण असं कधी पाहिलं नव्हतं. आपल्याकडे दोरी, लाकूड, चामडं सगळं कुजून जातं, दगड तेवढा उरतो. इथे चिखलाने हवाच लागू दिली नाही.

देवजीकाका काठावरून वाकून बघत होते. "काय सापडला, बाय?"

"बाणाचं टोक, काका. हजारो वर्षांपूर्वीचं."

"मंग येचा धनी काय आता मागाय यायचा नाय!" सगळे हसले.

मला का कोण जाणे, हसू आलं नाही.

१८ फेब्रुवारी

खड्ड्यातलंच पाणी गाळून डब्यात भरलं. टोक त्यात बुडवलं, डबा काळ्या कापडात, कापड खोलीवरच्या फ्रीजमध्ये. गोठता कामा नये, तापता कामा नये, उजेड नको. मुंबईला दोन वर्षं हेच शिकले — जुन्या वस्तू आणखी जुन्या होऊ न देणं.

सारखा फ्रीज उघडावासा वाटतो. उघडत नाही.

२० फेब्रुवारी

झाईला, सासरच्या घरी, फोन केला. आईंनी उचलला (सासूबाईंना मी आईच म्हणते). "काही कळलं?" — दोघींनी एकदमच विचारलं.

२४ फेब्रुवारी

आज भिंगाखाली धागा पाहिला. राळेत एक खळगा आहे. अंगठ्याने दाबल्यासारखा. मॅडम म्हणतात, अंगठाच असेल असं नाही. मी मान डोलावली. पण अंगठाच आहे तो.

कुणीतरी राळ तापवली, बोट भाजलं असेल, फुंकर मारली असेल. कुणीतरी समोर बसलं असेल का? मला समोर बसायचंय कुणाच्यातरी. इथे लिहिते आहे म्हणून खरं लिहिते — कुणाच्यातरी नाही. तुषारच्या.

सव्वा वर्ष झालं. ओखा बंदराच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि ती बोट समुद्रात हद्दीपलीकडच्यांनी पकडली. आमच्या आळीतला मिथुनही त्याच बोटीवर. मिथुनच्या बायकोला, दक्षाला, जेलमधून दोन पत्रं आली. "आम्ही बरे आहोत, काळजी नसावी." तुषारचं एकही नाही. मत्स्यखात्याच्या ऑफिसात विचारलं तर सांगतात, बोटीच्या कागदावर नाव आहे, तिकडून खात्री यायची आहे.

तो लिहिणारा नाहीच. लग्नाआधी मी मोबाइलवर हे एवढं लिहायची आणि त्याचं उत्तर — "हो."

एवढंच. हो. तेवढं एक अक्षर आलं तरी पुरे होतं मला.

७ मार्च

अवकाळी! वाऱ्याने झाडं पडली, खांब आडवे झाले. तलासरीत लाइट नाही. परत कधी येणार कुणालाच ठाऊक नाही. फ्रीजमधला गारवा संध्याकाळपर्यंतच. मॅडम पुण्याला, प्रयोगशाळेच्या परवानगीसाठी. फोन लागला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "काहीही कर, थंड ठेव."

बर्फ कुठे मिळतो ते मला ठाऊक आहे. डबा मांडीवर घेऊन झाईची एसटी धरली.

७ मार्च, रात्री

आईंशी वाजलं. त्यांची मासळीची पेटी रिकामी करायला लागले तर विचारलं, "काय ठेवतेस त्यात?" सांगितलं. त्यांचा चेहराच बदलला.

"मेलेल्या माणसाची वस्तू? ह्या घरात? माझा पोरगा तिकडे अडकलाय आणि तू —"

"आई, जुनी वस्तू आहे. फार जुनी."

"जुना असला म्हणून मेलेला जिवंत होतो काय?"

मी पेटी पडवीत ओढली. खाली बर्फ, वर गोणपाट, त्यावर डबा. बर्फाला टेकवला तर गोठेल आणि धागा फुटेल. घरात आणली नाही. त्या आतून कडी लावून झोपल्या. मी इथेच चटईवर. समुद्राचा आवाज पार आत येतो इथे. कुठेतरी त्याच पाण्याच्या पलीकडे तो. तिथे जेलमध्ये ऐकू येत असेल का?

८ मार्च

लाइट नाही. बर्फ पाणी होत चाललाय. डहाणूला जाऊन आणावा तर डब्यापाशी कोण बसणार?

८ मार्च, रात्री

आई बर्फ घेऊन आल्या! बर्फाच्या कारखान्यातून, रिक्षात लादी घालून, साडी पार भिजलेली. टोच्याने लादी फोडली, पेटी भरली. मग पदराला हात पुसले — "दाखव."

झाकण उघडलं. वाकून बघत राहिल्या.

"बांधणारा म्हातारा होता की तरणा?"

"ते कळत नाही, आई."

"तरणाच असणार. घाईत गुंडाळलंय. तुषार असाच बांधायचा —" आणि थबकल्या. जीभ चावली. "बांधतो," म्हणाल्या. "असाच बांधतो."

मग माझ्या शेजारी बसल्या. आम्ही दोघी लाइट येईपर्यंत पाळीपाळीने बसलो. त्या तुषारच्या लहानपणाचं सांगत होत्या, मला सगळं पाठ असलेलं. मी पुन्हा सगळं विचारलं.

११ मार्च

टोक परत तलासरीत. धागा शाबूत. एका वेढ्यावर पांढुरकी बुरशी दिसली. पाणी बदललं, मऊ ब्रशने, श्वास रोखून. गेली.

१९ मार्च

मॅडमशी वाद. वय किती ते नक्की हवं तर धाग्याचा तुकडा जाळावा लागतो. एवढासाच, म्हणतात. मी म्हटलं, एवढासाच कुठून काढायचा? सगळा मिळून वीतभरही नाही.

"निलम, न कळलेल्या वस्तूला आपण काय करणार? किती दिवस नुसतं जपत बसणार?"

मी खोलीबाहेर निघून आले. रडले. त्या मागोमाग आल्या, त्यांना वाटलं मी धाग्यासाठी रडतेय.

मग त्यांनीच मार्ग काढला. राळेचा एक कण आधीच सुटून डब्याच्या तळाशी पडला होता, तोच पाठवायचा. धाग्याला हात नाही.

३ एप्रिल

आज टोक पुण्याला गेलं. तिथे पाण्याच्या जागी हळूहळू मेण भरतील, मग गोठवून सुकवतील. काही महिने लागतील. मग तो धागा कोरडा होऊनही तसाच राहील. मॅडमनी गाडीत डबा स्वतःच्या मांडीवर घेतला. देवजीकाका हात हलवत उभे होते, लेक सासरी निघाल्यासारखे.

फ्रीज रिकामा. तरी दोनदा उघडला.

२८ एप्रिल

मॅडमचा फोन — साडेपाच हजार वर्षं! आणि राळेत मधमाशांचं मेण मिसळलेलं. मी आईंना सांगितलं. "एवढी वर्षं धागा सुटला नाही?" म्हणाल्या.

आज पहिल्यांदा छातीवरचं ओझं थोडं हललं. एवढं टिकतं तर माणूस का नाही टिकणार? दीड वर्ष म्हणजे काय!

१३ मे

झाईला आलेय. दक्षा धावत आली, पायात चप्पल नाही. सुटले! त्या बोटीवरचे सगळे सुटले! टीव्हीवर सांगितलं! आई देवापुढे बसल्यात, उठतच नाहीत. मी हिरवी साडी काढली. परत ठेवली. परत काढली.

१७ मे

डहाणू रोड स्टेशन. मिथुन उतरला. वाळलाय, दाढी पिकलीय. दक्षा त्याला बिलगली. आम्ही दोघी त्याच्या मागे बघत होतो, डब्याच्या दाराकडे. तो आईंच्या पाया पडला आणि उठून आमच्या मागे बघायला लागला.

"तुषार नाही आला, वहिनी? घरी आहे का?"

मला कळेना.

"तो तर ओख्यालाच उतरला होता. बोट निघायच्या आधी. अंगात ताप होता त्याच्या. म्हणाला, गाडी पकडून घरीच जातो."