गुळण्या डॉक्टरांचं बोलणं

४ जून
पुन्हा तेच! ‘इलियम’. लहान आतड्याचा शेवटचा भागही इलियम आणि कमरेचं हाडही इलियम — कानाला दोन्ही सारखीच. रेकॉर्डिंग मागे नेऊन नेऊन ऐकलं. पुढे कुठेतरी डॉक्टर ‘फ्रॅक्चर’ असं पुटपुटले, तेव्हा मी सुटले. हाड!
गुळण्या डॉक्टर हे नाव आम्हीच ठेवलेलं. तोंडात गुळणी धरून बोलल्यासारखं बोलतात. दिवसभर पेशंट तपासतात, मग एका दमात सगळ्यांचे रिपोर्ट रेकॉर्ड करून पाठवतात. आम्ही ऐकून टाइप करायचे. त्यांची फाइल दिसली की बाकीच्यांना तहान लागते. मग घोंगडं माझ्याच गळ्यात.
घरी हे म्हणतात, “बाहेरच्याची गुळगुळ कळते हिला. नवरा ओरडला तरी ऐकू येत नाही!”

११ जून
सुपरवायझर म्हणाली, “ताई, रिकाम्या जागा फार सोडता हल्ली. अंदाजाने भरा की.”
अंदाजाने! आज ‘हायपो’ की ‘हायपर’ तेच कळेना. एकात साखर उतरलेली, दुसऱ्यात चढलेली. भरू अंदाजाने आणि जाऊ दे पेशंटला वर?
सोडली जागा.

१९ जून
डॉक्टरांचं हे पुटपुटणं घाईचं नाही. आज त्यांची एक जुनी फाइल लावून बघितली. तेव्हाही पुटपुटायचे, पण अक्षरं अख्खी होती. आता ‘ल’ गळतो, ‘र’ गळतो. वाक्य संपता संपता लाळ गिळल्याचा आवाज. जीभच उचलत नाहीये त्यांची.
सुपरवायझरला सांगितलं. “अहो ताई, ते स्वतः डॉक्टर आहेत. त्यांना कळत नसेल?”
कळत असेलच. तेच तर वाईट.

२७ जून
रिपोर्ट संपला. रेकॉर्डिंग चालवायच्या पेडलवरचा पाय काढणार तेवढ्यात पुन्हा आवाज. सावकाश, शब्द ओढत ओढत — “टाइप करणाऱ्या बाई... हे टाइप नका करू. तुम्हाला... कळतंय ना अजून?”
इतकी वर्षं हा माणूस माझ्या कानात. पण मी इथे आहे हे त्याच्या गावी असेल असं कधी वाटलंच नव्हतं.
रिपोर्टखालच्या शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं — कळतंय, डॉक्टर.

२८ जून
निम्मंच कळतं खरं तर.

१५ जुलै
त्यांच्या फाइली बंद झाल्या. बाकीच्या म्हणाल्या, सुटलो बाई! मी मान खाली घालून टाइप करत राहिले.

२ सप्टेंबर
फोन आला. त्यांच्या बायकोचा! सुपरवायझरकडून नंबर मिळवला म्हणे.
“नसांचा आजार आहे. हात गेले, लिहिता येत नाही. बोलतात ते कोणालाच कळत नाही आता. आधी नेहमी म्हणायचे, टाइप करणाऱ्या बाईंना माझं कळतं. याल का एकदा?”
नाही कसं म्हणणार?

४ सप्टेंबर
गेले. मी मनात उंच, धिप्पाड माणूस धरून बसले होते. उशीत रुतलेला मूठभर जीव निघाला. मला बघून डोळ्यांनी हसले.
डॉक्टरांच्या पत्नी म्हणाल्या, “गिळता येत नाही. पोटात नळी बसवायची म्हणतात. यांना काय हवंय ते एकदा कळू दे. विचारा ना!”
विचारलं. डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्या कोणाला ती नुसती घुरघुर वाटली असती. मला लख्ख कळलं. “नळी नको. पुरे झालं.”
“काय म्हणाले?” बाईंनी माझा हात घट्ट धरला होता. थंडगार हात.
मी म्हटलं, “तुला योग्य वाटेल ते कर, म्हणाले.”
डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. कान शाबूत आहेत त्यांचे!

५ सप्टेंबर
घास उतरत नाही. घरी यांना सगळं सांगितलं. “दयेपोटी बोललीस ना, मग झालं,” म्हणाले. दया कुणाची पण? एक शब्द कधी मनचा घातला नाही मी, आणि त्या माणसाच्या तोंडात अख्खं वाक्य घालून आले.

६ सप्टेंबर
बाईंना फोन करून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मलाही कळलं होतं हो. रोज तेच म्हणतात. तुम्ही दुसरं काही सांगाल म्हणून बोलावलं होतं.”