कॅमेऱ्याच्या कपाळाला कुंकू

बाबा, आपल्या अमरावतीच्या घरात कॅमेरे बसवलेत. एक फाटकावर, एक समोरच्या खोलीत. तुम्ही असता तर बसवणाऱ्याच्या हातातला पेचकस केव्हाच तुमच्या हातात आला असता. पावसाळ्यात आई न्हाणीपाशी घसरली आणि शेजारच्या काकू विरजण मागायला येईपर्यंत तशीच पडून राहिली. सुदैवाने हाड मोडलं नाही. मी म्हटलं, आता अकोल्याला माझ्याकडे चल. "लेकीच्या घरी पाहुणी म्हून येईन," ती म्हणाली, "राहाले नाही येत." शेवटी असं ठरलं, की मला ती मोबाइलवर दिसत राहिली तर तिने तिथेच राहायचं, दिसेनाशी झाली तर मुकाट्याने बोचकं बांधायचं. कॅमेरे घरच्या वायफायला जोडून झाले. पासवर्ड काय ठेवू विचारलं, तर तिने तुमच्या फोटोकडे बोट दाखवलं. नाव अजूनही घेत नाही ती तुमचं.

दुपारी मी इथे भाकरी थापते, मोबाइल डब्याला टेकवलेला असतो. तिकडे आई तूर पाखडते, मधेच थांबते, दाराकडे बघते. दारापाशी तुमची खुर्ची आहे. तिच्यावर कुणी बसत नाही, मांजरसुद्धा नाही. बघता बघता मला वाटायला लागतं की मी तिथेच आहे, शाळेतून आले आहे, आणि तुम्ही कापसाच्या जिनिंगमधून यायची वेळ झाली आहे.

मग खंडेनवमीला चित्र एकाएकी लाल झालं. मी घाबरून फोन लावला.

"पूजा केली वं त्याची. घर राखते तो. तुये बाबा असते तं पयले त्यालेच लावलं असतं."

"तू स्टुलावर चढली?"

"मंग काय, तो खाली येईन काय?"

पूजेआधी सायकल बाहेर काढली म्हणून तुम्ही मला अंगणात उभं केलं होतं, आठवतं? "जे आपल्यासाठी राबते त्याले आधी कुंकू, मंग हात," म्हणाला होतात. तुमचे पाने, पक्कड, माझी सायकल, सगळ्यांच्या कपाळी कुंकू लागायचं. कॅमेऱ्याचं कपाळ म्हणजे भिंग, असं आईने धरलं आणि ओलं कुंकू बरोबर मधोमध लावलं. तुम्ही गेल्यापासून मिटलेला करंडा तिने त्यासाठी उघडला होता.

"दिसते काय वं मी?" तिने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

तिचा चेहरा दिसत नव्हता. तांबूस धुक्यातून एक सावली हळूहळू चालत होती. दारातून ऊन आलं होतं आणि खुर्चीत कुणीतरी पाठ टेकून बसलं होतं. मला रडू आलं.

"लख्ख दिसते, आई," मी म्हटलं.

हे मोबाइलमध्येच लिहून ठेवते आहे, पाठवणार कुठे? परवा अमरावतीला जाऊन आले. भिंग पुसायचंच ठरवून गेले होते. ती चालते एवढं कळतं, पण कसनुसं तोंड केलं तर कळत नाही, हे बरं नाही. आई चहा टाकत होती तेव्हा फडकं भिजवलं, स्टूलही ओढलं. आणि बाबा, तुम्हाला म्हणून सांगते, त्या फडक्याने तुमची खुर्ची पुसून परत आले.