मागाला लागलेला पाय

मंगळवार, संध्याकाळ. लक्ष्मीबाई नगर

कपाळावरचा काळा डाग साबणानं जात नाहीये.

आज फरीदाबादच्या गिरणीत गेलो होतो. बिनधोट्याचे, म्हणजे शटललेस, नवे माग घ्यायला सरकारी मदत मिळते, पण आधी जुने माग मोडायचे, म्हणजे ते दुसरीकडे कुठे चालू व्हायला नकोत. मोडताना आमच्या डिपार्टमेंटचा माणूस समोर हवा. आज तो मी. नियमात चूक काहीच नाही. मग एवढा थकवा कशाचा?

पहिल्या मागापाशी गेलो आणि माझा बूट त्याला लागला. नकळत वाकलो, मागाला हात लावला आणि तोच हात कपाळाला. सोलापूरला बाबांच्या मागाला पाय लागला की हेच करायचो. हाताला वंगण लागलंय, हे कळलंच नाही.

त्याच मागावर आयुष्य काढलेले रामधनी घण घेऊन उभे होते. शांतपणे म्हणाले, "साहब, पाँव लगने की माफी तो माँग ली. अब तोड़ दूँ?"

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

घरी आल्यावर सुनंदानं विचारलं, "अहो, कपाळाला हे काय? दिवसभरात कुणी सांगितलं नाही?"

नाही सांगितलं. रामधनी तर दिवसभर तो डाग बघत होते. प्रत्येक मागापाशी घण उचलायचे, माझ्या कपाळाकडे बघायचे आणि थांबायचे. मी मान डोलावायचो.