पाचवी सवाष्ण

२२ सप्टेंबर १९६९, सोमवार

पुन्हा नाही! सकाळपासून आश्रमाच्या अनुदानासाठी कचेरीत बाकावर बसले. कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "बाई, फाईल पुण्याले गेली." मागच्या खेपेला मुंबईला गेली होती. नागपूर राजधानी होतं तेव्हा हीच फाईल या खोलीतून त्या खोलीत जायची. तेव्हाही हरवायचीच म्हणा — पण निदान शोधायला चालत जाता यायचं!

नियम काय, तर आधी खर्च करा, पावत्या जोडा, मग सरकार निम्मे देणार. आधीचा खर्च कशातून करू? तर म्हणतो, "देणगीदार पाहा नं, बाई. इतवारीत शेठ काय कमी हायेत?"

दूध बंद केलं. भीमाबाईचं पोर काळा चहा पितं.

२४ सप्टेंबर

घरमालक वामनराव येऊन गेले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, पागोटं सारखं केलं, मग म्हणाले, "चैत्रापासून भाडं नाही, बाई. दसऱ्याच्या आत घर खाली करा. मले बी पोरीचं लगन करायचं हाय." खोटं बोलत नाहीत ते. तेच तर जास्त चीड आणतं — रागवायचं तरी कुणावर?

नऊ बाया, दोन मुलं. माहेर दार उघडत नाही, सासरने तर हाकलूनच दिलं. हे घर गेलं तर पुढे स्टेशनवरचा मुसाफिरखाना. तिथे रात्री बायकांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. शामलाला मी तिथूनच आणलं.

२५ सप्टेंबर

मोठ्या खोलीत वर पाहत बसले. सहा पंखे! एकेका पात्यावर कुणाच्या ना कुणाच्या तीर्थरूपांचं नाव. वीज तोडली त्याला दोन महिने झाले. पंखे द्यायला सगळे तयार, कारण पात्यावर नाव मावतं. विजेच्या बिलावर नाव कुठे घालणार? आणि स्वयंपाकीणबाईच्या पगारावर?

रुख्माबाईने पगार मागितलेला नाही, कितीक महिन्यांत. मीच विषय काढला. "मी कुठं पळून राहिली, बाई? होईल तवा द्या." तिच्यावरही ओरडले. उगाच.

२९ सप्टेंबर

ईश्वरदासजी आले. बापाचे हातमाग होते, आता इतवारीत कापडाचं ठोक दुकान. बायको श्रावणात गेली, सवाष्ण गेली. म्हणून अविधवा नवमीला पाच सवाष्णी जेवू घालायच्या. सोबत थोरली बहीण रंभाबाई. बोलल्या त्याच.

"नवमीले सवाष्ण भेटत नाही, बाई. साऱ्या आधीच सांगितलेल्या राहतात. अन् एकीनं दोन घरी जेवू नाही. तुमच्याकडं टाकलेल्या बाया हायेत नं?"

आहेत, म्हटलं.

"टाकलेली असली तरी नवरा तर जित्ता हाय! मंग सवाष्णच झाली."

मी मनातल्या मनात बाया मोजायला लागले.

ईश्वरदासजी खाली पाहत म्हणाले, "वर्षाचं भाडं माह्याकडून." लगेच रंभाबाईंच्या अटी. सवाष्णी पाच म्हणजे पाच. हिरवा चुडा, कपाळभर कुंकू. स्वयंपाकात विधवेचा हात लागायला नको.

मी हो म्हटलं. जीभ कशी झडली नाही! नऊ जणींत नवरा जिवंत असलेल्या बरोबर पाच निघतात.

त्यात मी स्वतःला धरलेलं नाही. लोक मला विधवा समजतात. समजू देत. तो काटोलला आहे — संत्र्याची बाग, दुसरी बायको, मुलं. एकतीस वर्षांपूर्वी तिला घरात आणलं त्याच दिवशी मी कपाळ पुसलं, बी.ए.चं प्रमाणपत्र पेटीत टाकलं आणि गाडीत बसले.

३० सप्टेंबर

रुख्माबाईला सांगितलं — नवमीला चुलीपाशी यायचं नाही. तिने हातातली परात खाली ठेवली. मग, "रोज माह्या हातचं खाऊन जगल्या साऱ्या. एका दिवसात माह्या हाताले काय झालं वं?" बायांकडे वळून बोलली, पण ऐकवलं मलाच. बरोबरच आहे. मला कुणी तोंडावर विचारत नाही, हाच इथला रोग.

२ ऑक्टोबर

शताब्दी. पहाटेपासून लाऊडस्पीकर. दुपारी मोहल्ल्यातली मंडळी पावतीपुस्तक घेऊन दारात. वर्गणी — पुतळ्यासाठी! माझ्याकडे! म्हटलं, सहा पंखे घेऊन जा, पुतळ्याला उन्हात उकडेल. त्यांचे पुढारी मारोतराव जाताना म्हणाले, "बाईचा सभाव लय कडक." त्यांच्या आत्याला आम्ही इथे दोन वर्षं सांभाळलं, हे विसरले वाटतं!

३ ऑक्टोबर

शामला नाही म्हणते.

बांगड्या भरायला बसवलं तर उठून उभी राहिली. कोपरापर्यंत भाजलेला हात पुढे केला. "नवऱ्यानं माह्यावर उकळतं तेल टाकलं, बाई. त्याच्या नावाचं कुंकू मी काहून लावू?"

बाकीच्या समजूत घालायला लागल्या. एक दिवसाचा तर सवाल हाय वं. घर जाईल. तिच्या डोळ्यांत पाणी नाही, नुसता जाळ. मी सगळ्यांना गप्प केलं. म्हटलं, शामला बसणार नाही. हे घर तिच्यासाठी आहे, ती घरासाठी नाही.

बोलायला छान! पाचवी कुठून आणू? भर उन्हात मोहल्ला पालथा घातला. ज्या घरी जावं तिथे तेच — "आमची सून तर आधीच सांगून ठेवली, बाई." एकीने तर तुमच्या आश्रमात पाटावर बसू मी? म्हणून कानांवर हात ठेवले.

४ ऑक्टोबर, नवमी

रंभाबाई सकाळीच आल्या. पाट मांडले, रांगोळी काढली. आमच्या भीमाबाईने पुरण वाटलं. रुख्माबाई मागच्या अंगणात निंबाखाली पाठ करून बसली. पाट पाच, बाया चार.

"पाचवी कुठं हाय?"

मी म्हटलं, मी.

"तुम्ही? पण तुम्ही तर..."

"माझा नवरा काटोलला आहे. जिवंत. गेल्या आठवड्यात मंडईत संत्र्याच्या भावावरून दलालाशी भांडत होता, पाहणारे आहेत."

रंभाबाईंनी कुंकवाचा करंडा खाली ठेवला. मग हसू दाबत, "अगं माय! मंग इतके साल काहून लपवलं?"

लपवलं नाही. कुणी विचारलं नाही.

त्यांनी कुंकू लावलं. बोट जाड, खरबरीत. माझ्या हातांना बसेल असा चुडाच सापडेना, शेवटी तेल लावून चढवला. ओटी भरली. शामला दारातून पाहत होती. ती हसेल असं वाटलं होतं — हसली नाही. मी पुरणपोळी खाल्ली. दोन खाल्ल्या. भूक होती, खोटं का लिहू? घास घशाखाली जाताना इतका संताप येतो हे आज कळलं. संताप कुणाचा — ईश्वरदासजींचा नाही. तो माणूस कोपऱ्यात उभा राहून बायकोसाठी रडत होता.

संध्याकाळी चुडा काढून रुख्माबाईच्या पुढ्यात फोडला. कपाळ साबणाने धुतलं.

५ ऑक्टोबर

वर्षाचं भाडं भरलं. वामनरावांनी पावती दिली आणि वर "चहा घ्या, बाई" म्हणाले. चहा!

रुख्माबाईने चूल पेटवली. मीठ जास्त पडलं भाजीत. मुद्दामच. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं.

८ ऑक्टोबर

काटोलहून माणूस आला. तो गेला. तीन तारखेला, संध्याकाळी, बागेतच. नवमीच्या आदल्या दिवशी.

म्हणजे मी पाटावर बसले तेव्हा विधवा होते.

दहाव्याला बोलावलंय, कपाळ पुसायला. जाणार नाही. ते माझं मी केव्हाच उरकलं.

रंभाबाईंना सांगेन. पुढच्या नवमीला — भाडं संपल्यावर.