रविवारचं दुसरं ताट

आइंडहोवन, फेब्रुवारी २०२१

प्रिय आई,

सलाम. मी सॉलिड मजेत आहे. चर्चच्या वेलकम टीममध्ये घेतलं मला! वीकेंडला दारात उभी राहून नवीन लोकांना सीट दाखवते. मास्कमागून हसलेलं दिसत नाही, म्हणून जोरजोरात हात हलवते.

पप्पांसारखं मीही नवीन माणसाला चर्चनंतर घरी जेवायला बोलावते. कोरोनाच्या नियमात घरी दिवसाला एक पाहुणा चालतो इथे. केरळची एक नर्स म्हणाली, "कोरोना के बाद, पक्का." सगळे हेच म्हणतात. तरी मी दर रविवारी दोघांचा भात टाकते.

मीपण नवीनच आहे गं. पण बॅज लावलाय, म्हणून मला कुणी विचारत नाही. एकटीने जेवणं खरंच नाही जमत आता.

पप्पांचा खोकला गेला? रविवारी दोघं व्हिडिओ कॉल कराल? दुसऱ्या ताटासमोर फोन ठेवीन. बोलू नका हवं तर, नुसते बसा.

तुमचीच,
ज्ञानदा